उजव्या गालावरचा मासा

त्या पावसाळ्यात आमची होडी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर डाव्या अंगाने रंगलेली आणि उजव्या अंगाने कोरी अशी उभी होती. देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या सालची गोष्ट. माझा मोठा भाऊ डावी बाजू पुरी करून दुपारी घरी आला, हातपाय मोडून आलेत म्हणाला आणि घोंगडी घेऊन पडला. तो परत किनाऱ्यावर गेला नाही. मुदतीचा ताप होता. आगाशीहून डॉक्टर आणला, गावचा काढा झाला, नवस बोलून झाले. आषाढ संपता संपता तो गेला. त्याच्या नखांत हिरवा रंग तसाच होता. आम्ही तो काढला नाही.

हे मी माझ्या हाताने लिहितो आहे. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, शाळा मी दुसरीत सोडली हे खरं, पण सोडली ती मी, शाळेने मला काढलं नव्हतं. जेवढी अक्षरं येतात तेवढ्यात बसेल ते लिहीन.

पावसाळ्यात समुद्र बंद असायचा. होड्या वर ओढायच्या, त्यांच्यावर झावळ्यांचं छप्पर घालायचं, फटींत कापूस ठोकायचा, पाण्यात बुडणाऱ्या भागाला चुना आणि तेल फासायचं आणि वरच्या अंगाला रंग द्यायचा. नारळी पुनवेला नारळ वाहिला की होडी पाण्यात. रंग म्हणजे आमच्याकडे दोन पट्टे, एक लाल आणि एक पांढरा. बाबांनी जन्मभर तेवढेच मारले. दादा हाताशी आला तसा त्याने नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या निमुळत्या तोंडावर, दोन्ही गालांना एकेक मासा काढायला सुरुवात केली. घोळ मासा. पाठ हिरवी, पोट पिवळं, कल्ल्याला शेंदूर. माणूस आडवा झोपला तर जेवढी जागा घेईल तेवढा लांब. पहिल्या वर्षी बाबा म्हणाले, "होडी हाय का नवरीची पेटी?" पण दुसऱ्या आळीतले लोक मासा बघायला यायला लागले, तेव्हा बाबा पाठीमागे हात बांधून त्यांच्याच घोळक्यात उभे राहायचे.

तर त्या साली एक मासा झाला होता, डाव्या गालाचा. उजव्या गालावर नुसतं खरवडून साफ केलेलं लाकूड.

आमच्या आळीत एक रीत होती. गेलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं काम दुसऱ्याने पुरं करायचं नाही. जाळं अर्धं विणलेलं असेल तर ते उसवून सूत मोकळं करायचं. भिंत अर्धी असेल तर उतरवायची आणि पायापासून नवी घालायची. तसं नाही केलं तर तो माणूस त्या कामात अडकून राहतो म्हणायचे. दादाने विणायला घेतलेलं जाळं माझ्या काकांनी, बाबांच्या धाकट्या भावाने, ओट्यावर बसून असंच उसवलं. मी समोर बसून बघितलं.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी बाबा आणि काका लोखंडी पट्ट्या घेऊन किनाऱ्याकडे निघाले. कशाला ते मला कळलं. मी धावत पुढे गेलो आणि माशाला पाठ लावून उभा राहिलो.

"बाजूला हो," काका म्हणाले.

"नाय."

"अरं, रीत हाय ती."

"जाळं उसवलंत तवा मी काय बोललो? मासा नाय खरवडायचा."

"मग काय, एकाच गालाला पावडर लावून होडी समुद्रात न्यायची? मासळीपन हसंल."

आमचे दोन खलाशी पाठीमागे उभे होते, ते हसले. मला राग आला आणि रागात तोंडातून गेलं, "दुसरा मी काढीन."

यावर काका एवढे हसले की त्यांना पट्टी खाली ठेवावी लागली. "तू? तुझी एक रेघ सरळ येत नाय. शाळंत पाटीवर गाढव काढलंस त्याला मास्तर बोकड बोलला."

"नाय येत सरळ. येईल."

दादा गेल्यापासून बाबा कामापुरतंच बोलत. त्यांनी माझ्या खांद्यावरून माशाकडे बघितलं.

"पुनवेपर्यंत," ते म्हणाले. "दुसरा याच्यासारखाच झाला पायजे. किनाऱ्यावरच्या कोनाला सांगता येता नये की एक त्याचा हाय आनि एक दुसऱ्याचा. मग ते काम अर्धं नव्हतंच, असं मी धरीन. नायतर पुनवेच्या सकाळी दोनी खरवडीन. मी स्वतः."

पुनव जवळ होती. माझं वय अठरा-एकोणीस, आणि कुंचला मी आयुष्यात फक्त भिंतीला चुना मारायला धरला होता.

तो मासा मला का हवा होता, ते सांगतो. आमच्या घरात कुणाचा फोटो नव्हता. दादाचाही नाही. तो गेल्यावर चार दिवसांतच मला त्याचा चेहरा आठवेना. आठवायला बसलो की तापातला चेहरा यायचा, दाढी वाढलेला, ओठ सुकलेला. मला "ए म्हाताऱ्या" म्हणून हाक मारणारा, कारण मी लहानपणापासून हेकट, तो दादा येईना. एवढ्या मोठ्या घरात त्याच्या धडधाकट हाताने केलेली शेवटची गोष्ट तेवढी एक होती. ती लाकडाच्या भुग्यासारखी वाळूत पडलेली मला बघायची नव्हती.

घरी येऊन मी वहिनीकडे कुंचले मागितले. वहिनी विशीतली होती. तेरा दिवस ती आतल्या खोलीतून बाहेर आली नव्हती. तिने माळ्यावरून डबा काढला. आत दादाचे कुंचले, केवड्याच्या मुळ्या ठेचून केलेले, धुऊन सुतळीने बांधून ठेवलेले.

"रंग कोन कालवनार?" तिने विचारलं.

"मीच."

"तुला येतो?"

"पूड घ्यायची, तेल घालायचं."

"हिरवा कशाचा करशील?"

हिरवी पूड असते आणि ती दुकानात मिळते, असं मला वाटत होतं. लढाईपासून ती मिळतच नव्हती. दादा पिवळ्यात नीळ घालून हिरवा करायचा, आणि तो करायचा म्हणजे खरं तर वहिनी करायची. तो माप सांगायचा नाही, नुसतं "अजून" म्हणायचा आणि ही घोटत राहायची. तिने डबा माझ्या हातातून परत घेतला, पदर खोचला आणि माझ्या आधी उंबरा ओलांडला.

किनाऱ्यावर काकांनी तिला बघून तोंड फिरवलं. "होडीपाशी बायकांचं काय काम? त्यातून..." पुढचा शब्द त्यांनी गिळला.

"सुतक फिटलं ना, काका?" वहिनी म्हणाली. "हिरवा कालवायला येत असंल तर बसा इथं. मी घरी जाते."

काका बसले नाहीत.

त्यानंतरचे दिवस पावसाने उघडीप दिली की काम आणि सर आली की छपराखाली बसून नुसतं बघणं, असे गेले. मी तो मासा बघितला तसा कुणी कधी जिवंत मासा बघितला नसेल. नाक लाकडाला टेकेल इतक्या जवळून. लांबून तो एकसारखा दिसायचा, जवळून तसा नव्हता. शेपटीकडे कुंचला सुकत आला होता, तिथे रंगाच्या खाली लाकडाच्या रेषा दिसत होत्या. कल्ल्याच्या शेंदरात त्याच्या अंगठ्याचा ठसा होता, थेंब ओघळला असेल तो त्याने बोटाने पुसला होता. पाठीच्या मधोमध रंगाची एक जाड गाठ होती. वहिनी म्हणाली, "तिथं मी त्याला हसवलं होतं." काय बोलून हसवलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण त्या गाठीपाशी बोट नेलं की मला तो मान मागे टाकून हसताना दिसायचा, पुढचे दात एकावर एक चढलेले. तापातला चेहरा बाजूला सरकायचा. दर दिवशी थोडा थोडा सरकायचा.

मी काथ्याच्या दोरीने माप घ्यायचो. डोळ्यापासून कल्ला, कल्ल्यापासून पाठीचा काटा. दोरीला गाठ मारायची, होडीला वळसा घालून उजव्या बाजूला जायचं आणि तिथे कोळशाने खूण करायची. उजव्या बाजूला शेजाऱ्यांची होडी अगदी खेटून उभी होती. मधे एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट. तिथे उभं राहायचं, पाठ त्यांच्या होडीला, नाक आमच्या होडीला. पहिले दोन दिवस कोळसाच चालवला, पुसला, चालवला. मग रंग. रेघ वाकडी गेली की वहिनी तेलाचा फडका पुढे करायची. मी तिच्यावर ओरडायचो, ती माझ्यावर ओरडायची. एकदा म्हणाली, "तो मेला म्हणून मी तुझं ऐकून घेतंय असं समजू नको." मला बरं वाटलं. घरात तोपर्यंत सगळे एकमेकांशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होते.

मासा पुरा झाला. गाठ गाठीच्या जागी, सुकलेला कुंचला शेपटीच्या जागी. शेंदरात मी माझा अंगठासुद्धा टेकवला. मी फुगलो होतो. त्याच दुपारी शेजाऱ्यांनी त्यांची होडी पाण्याच्या बाजूला ओढली आणि पहिल्यांदा आमची उजवी बाजू उघड्यावर आली. मी दहा-बारा पावलं मागे गेलो, काका शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"बरा झालाय," ते हाताच्या आडून म्हणाले. "खरंच बरा झालाय. पन हा चाललाय कुठं?"

मी बघितलं. डाव्या गालावर दादाच्या माशाचं तोंड बघणाऱ्याच्या डाव्या हाताला होतं, म्हणजे होडीच्या टोकाकडे, समुद्राकडे. मी तो जसाच्या तसा उतरवला होता. तोंड डावीकडे म्हणजे डावीकडे. पण उजव्या गालावर डावीकडे होडीची शेपटी येते. माझा मासा टोकाकडे शेपूट करून घराकडे पोहत होता.

"एक चाललाय समुद्रात," काका म्हणाले, "आनि दुसरा घरी जेवायला."

खलाशी वाळूत बसून हसले. शेजारची होडी ओढणारे हसले. मला वाटलं, निदान वहिनी हसणार नाही. तीही हसली, पदर तोंडाला लावून, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले ते थांबेनात. तेराव्यालाही ती अशी रडली नव्हती. मी लोखंडी पट्टी उचलली आणि सगळ्यांच्या देखत माझा मासा खरवडायला घेतला. कुणी मदतीला पुढे आला, त्याला म्हटलं, हात लावायचा नाही.

पुनव आता परवावर आली होती. मी पुन्हा दोरी घेतली. या वेळी तोंड उजवीकडे घ्यायचं हे डोक्यात पक्कं होतं, पण हाताला ते पटेना. हात दादाचा मासा डावीकडे शिकला होता, उजवीकडे वळवला की कल्ल्याची जागा चुकायची, पोट वर चढायचं. दोन वेळा पुसलं. ओलं लाकूड रंग धरेना. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा वहिनी म्हणाली, "तू त्याच्या माशाकडं बघू नको."

"मग काढू कसा?"

"घोळ कधी कापली नायस काय?"

"किती तरी कापल्यात."

"मग तीच काढ."

मला तिचा राग आला. सारखाच काढायचा होता, आणि ही सांगते बघू नको. पण दुसरं काही हातात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोरी घरी ठेवून आलो. डाव्या बाजूला गेलोच नाही. घोळ पाटीवर आडवी पडली की तिचा डोळा कुठे येतो, सुरी कल्ल्याखाली कुठे घालतात, पोटाची पिशवी हाताला कुठे लागते, ते आठवत गेलो. डोळ्यांनी नाही, हातांनी. रेघ एका दमात आली. मासा दादाच्यापेक्षा जाड झाला. तोंड मिटलेलं झालं, त्याच्याचं उघडं होतं. पाठीवर गाठ आली नाही. मी शेंदूर भरला तेव्हा अंगठा टेकवायचं मनातही आलं नाही.

वहिनीने बघितला. "त्याचा नाय हा," ती म्हणाली. मग फडका गुंडाळत, "पन मासा हाय."

मला कळलं होतं की मी बाबांची अट मोडली आहे. तरी पुसायला हात गेला नाही. तोवर मला तो आवडायला लागला होता.

पुनवेच्या सकाळी बाबा पट्टी घेऊन आले. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला फेटा आणि हातात ती पट्टी. किनाऱ्यावर सगळ्यांच्या होड्या सजत होत्या, सोनेरी कागद लावलेले नारळ घेऊन बायका येत होत्या, आणि आमच्या होडीभोवती सगळे त्या पट्टीकडे बघत होते. बाबांनी डावी बाजू बघितली. वळसा घालून उजवी बघितली. मग ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि होडीच्या तोंडासमोर उभे राहिले. दोन्ही गाल एकदम दिसतात ते फक्त तिथून.

"सारखे नायत," काका त्यांना हळू म्हणाले.

मी म्हटलं, "नायतच. मला तो काढता येनार नाय, काका. मी तो नाय. याच्यापुढं सारखा पायजे असंल तर खरवडा. पन आधी माझा खरवडायचा, मग त्याचा. आनि मी इथंच उभा राहीन."

लाट आली, बाबांचं धोतर भिजलं. ते एका माशाकडून दुसऱ्याकडे आणि परत बघत होते. वहिनी घरातल्या बायकांच्या मागे उभी होती, तिला मान उंच करून बघावं लागत होतं. मी वेळ मोजला नाही, पण नारळ वाहायला निघालेली वाजतगाजत आलेली मंडळी आमच्यापाशी येऊन थांबली होती आणि वाजवणाऱ्यांनी हात आवरले होते.

"तोंडं दोघांची समुद्राकडं हायत," बाबा म्हणाले. पट्टी त्यांनी काकांच्या हातात दिली. "चला. खांदा लावा."

आणि होडी पाण्यात गेली.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल. पण मला पुढच्या सालचं सांगायचं आहे, कारण माझ्या मते माझं खरं काम तेव्हा झालं.

खारं पाणी रंग खातं. माझा मासा दिवाळीतच सोलायला लागला, तेल कमी पडलं होतं. दादाचा शिमग्यापर्यंत चांगला होता. पुढच्या पावसाळ्यात होडी वर ओढली तेव्हा माझ्या बाजूला नुसते डाग होते, आणि त्याच्या बाजूला पाठीचा हिरवा आणि डोळा एवढं शिल्लक होतं. गाठ होती. अंगठा कधीच गेला होता.

त्या साली स्वातंत्र्य मिळालं आणि किनाऱ्यावर सगळ्यांना नाळेवर तिरंगा हवा झाला. गेल्या सालचे हसणारे आता माझ्याकडे आले. मी प्रत्येकाला थोडा वेळ उभं करून ठेवलं आणि मग हो म्हटलं. वहिनी रंग घोटून घोटून थकली, आळीत शेंदूर उरला नाही. आमची होडी मी मुद्दाम शेवटी ठेवली. काकांना ते कळलं असावं. एका दुपारी ते माझ्याजवळ येऊन बसले, बराच वेळ तंबाखू मळली.

"असं करू," ते म्हणाले. "डाव्या बाजूला हात नको लावू. जेवढा हाय त्याच्यावर उकळलेलं जवसाचं तेल मारू. दोन हात, तीन हात. राहील अजून दोन सालं."

काका हे म्हणतात यावर माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, "नाय. खरवडायचा."

"अरं, गेल्या साली मारायला उठला होतास."

"गेल्या साली मला काढता येत नव्हता."

वहिनी पाटा घेऊन बसली होती, तिने ऐकलं. तिचा घोटणारा हात थांबला. मी पट्टी घेतली तशी ती उठून आली. ती नको म्हणाली असती तर मी थांबलो असतो की नाही, मला आजही सांगता येत नाही. ती म्हणाली, "डोळा शेवटी काढ." मी तसंच केलं. शेपटी कधीच गेली होती, पाठ काढली, गाठ काढली, ती सगळ्यात चिवट होती, आणि मग डोळा. रंगाचा भुगा वाळूत पडला, भरतीने नेला. खाली लाकूड चांगलं निघालं, कुठे कीड नाही. आदल्या साली मी ज्या चेहऱ्यासाठी भांडलो होतो तो त्या वेळी मला हवा तेव्हा दिसत होता, दातांसकट. त्याला माशाची गरज उरली नव्हती. लाकडाला मात्र रंगाची होती, पुनव आली होती.

मी दोन्ही गालांना मासे काढले. आधी उजवा, मग डावा. बाबा आले, दोन्ही बाजूंनी फिरले आणि म्हणाले, "डाव्याचा डोळा लहान झालाय."

"झालाय तर झालाय," मी म्हटलं. तो तसाच समुद्रात गेला.